बुधवारची लिस्ट बंद करू नका : स्त्रीरोग विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागप्रमुख, तसेच पदव्युत्तर अभ्यासक्रम ठरवणारे सर्व सदस्य यांस,

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागातली बुधवारची व्हजायनल लिस्ट, म्हणजे योनिमार्गे होणाऱ्या शस्त्रक्रियांचा राखीव दिवस, बंद झाली. महाविद्यालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण हे दुखणं एका विभागापुरतं नाही. त्या टेबलावर आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होतील. कारण मला फोनवर सांगण्यात आलं : केसेस कमी झाल्या, रेसिडेंटना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, रस उरला नाही, टेबल रिकामं ठेवणं परवडत नाही. नऊ वर्षं मी दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी पहाटेची एसटी धरून तिथे मानद शिक्षक म्हणून जात होते. माझी फेरी थांबली याचं मला काही वाटत नाही. पण रेसिडेंटना रस नाही, हे मात्र मला मान्य नाही. जे कधी हातात दिलंच नाही, त्यात रस कुठून येणार?

तालुक्याच्या गावात एकतीस वर्षं स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करणारी मी डॉक्टर आहे. पोटावर चिरा न घेता, खालून म्हणजे योनिमार्गे, गर्भाशयाची पिशवी काढायला मी एम.एस. करताना शिकले, आणि त्यावर माझ्या दवाखान्याची निम्मी इभ्रत उभी आहे. हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया होते त्या बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वी नुकतीच एम.एस. झालेली एक मुलगी माझ्याकडे सहायक म्हणून आली. हुशार, कष्टाळू, रात्री तीन वाजताही चेहरा न पाडणारी. तिसऱ्याच आठवड्यात एक बाई आली. वय सेहेचाळीस, तीन नॉर्मल बाळंतपणं, पिशवी दहा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी, अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन सातवर आलेलं. गोळ्या झाल्या होत्या, हार्मोनचा तांबीसारखा उपायही करून झाला होता, बायप्सी स्वच्छ होती. पिशवी काढायचं ठरलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, पोटावरून घेऊ या ना?" मी म्हटलं, का? ती म्हणाली, "डिसेंट नाहीये." म्हणजे पिशवी खाली सरकलेली नाही.

रात्री जेवताना तिला विचारलं, तीन वर्षांत खालून किती केल्या? रिट्रॅक्टर, म्हणजे जागा उघडी ठेवायचं अवजार, धरून उभी राहिले अशा वीसेक. स्वतःच्या हाताने पूर्ण केल्या दोन, आणि दोन्ही अंग पूर्ण बाहेर आलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या. जागेवर असलेली पिशवी, जी खालून काढण्याला आपण सगळे एनडीव्हीएच (नॉन-डिसेंट व्हजायनल हिस्टरेक्टॉमी) म्हणतो, एकही नाही. "बघितलीसुद्धा नाही का?" म्हटलं, तर तिने दिलेलं उत्तर मी विसरलेली नाही : "मॅडम, मी डाव्या बाजूला उभी असायचे. मला सरांचा खांदाच दिसायचा."

या शस्त्रक्रियेच्या शिक्षणाची सगळी अडचण त्या उत्तरात आहे. जागा अरुंद, आणि ऑपरेशन करणाराच समोर बसलेला. दोन्ही बाजूंचे असिस्टंट वाकून वाकून रिट्रॅक्टर ओढतात आणि त्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. पोट उघडलं की तिघे-चौघे एकाच वेळी आत बघतात. दुर्बिणीत तर पडद्यावर वॉर्डबॉयलाही युटेराइन आर्टरी, म्हणजे गर्भाशयाची धमनी, दिसते. १८१३ साली जर्मनीत लांगेनबेक यांनी खालून पिशवी काढली, तेव्हा ती बाई अनेक वर्षांनी वारून तिचं शवविच्छेदन होईपर्यंत लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. दोनशे वर्षं उलटली तरी आमचा रेसिडेंट अजून खांद्यामागेच उभा आहे.

मला शिकवणाऱ्या बाईंनी यावर त्यांच्यापुरता तोडगा काढला होता. त्या बोटाने शिकवायच्या. माझं बोट धरून युटेरोसॅक्रलवर, म्हणजे पिशवीला मागून धरणाऱ्या बंधावर, ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बघू नकोस, चाचप. ही दोरी. हिच्या पुढे कार्डिनल. आता वर सरक, धडधडतंय ना, तीच." कार्डिनल हा बाजूचा बंध, आणि धडधडते ती धमनी. एका केसमध्ये एकच पेडिकल, म्हणजे बांधून कापायचा एकच जुडगा. पहिल्या वर्षी फक्त शेवटी व्हॉल्ट, म्हणजे पिशवी काढल्यावर उरलेला योनीचा वरचा भाग, शिवायचा. दुसऱ्या वर्षी मागचा पाउच, म्हणजे पिशवीमागची पोटाच्या आवरणाची घडी, उघडायचा. मग युटेरोसॅक्रलचा क्लॅम्प. पुढचा पाउच, जिथे मूत्राशय चिकटलेलं असतं, तो सर्वात शेवटी. अख्खी शस्त्रक्रिया एकटीने करायची वेळ आली तेव्हा तिचा एकेक तुकडा माझ्या हाताला पंधरा-वीस वेळा होऊन गेला होता. ही पद्धत कुठल्या नियमात नव्हती, त्यामुळे बाई निवृत्त झाल्या आणि तीही गेली.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

सर्वात मोठी तक्रार ही, की अंग बाहेर आलेल्या बाईची पिशवी काढता आली म्हणजे खालून काढायला शिकलो, असा एक समज तुमच्या विभागांत रुजलाय. तो खरा नाही. प्रोलॅप्समध्ये, म्हणजे अंग बाहेर आलेलं असताना, पिशवी स्वतःहून हातात येते. पण तिथे मूत्राशय खाली घसरलेलं असतं, ग्रीवा (पिशवीचं तोंड) लांबलेली असते, पाउच भलत्याच उंचीवर सापडतो. जागेवरच्या पिशवीत सगळं आपल्या ठिकाणी असतं, पण तिला एकेक आधार सोडवत खाली आणावं लागतं. युटेरोसॅक्रल सुटले की ती पहिल्यांदा हलते, आणि "डिसेंट नाही" म्हणणाऱ्या पुष्कळ जणींत तिथेच डिसेंट मिळतो. दोन्हींचा हात वेगळा. एकीचा अनुभव दुसरीच्या खात्यावर कसा चालेल?

दुसरी तक्रार अशी की तंत्र एकच शिकवलं जातं, तेही अर्धवट. शिकागोच्या हीनी यांनी १९३४ मध्ये मांडलेली रीत आपण सगळे शिकतो : खालून सुरुवात, युटेरोसॅक्रल, मग कार्डिनल, मग युटेराइन, शेवटी वरचा पेडिकल. ही रीत चांगलीच आहे. पण मागचा पाउच चिकटलेला असेल तर? पुढच्या बाजूने फंडस, म्हणजे पिशवीचा माथा, बाहेर ओढून वरून खाली यायची ड्योडरलाइन आणि क्र्योनिग यांची वाट किती रेसिडेंटनी पाहिलीये? पिशवी मोठी असेल तर दोन्ही युटेराइन बांधून झाल्यावर ती उभी कापायची, मधला गाभा कोरून काढायचा, फायब्रॉइडची गाठ आधी सोलायची, हे किती जणांच्या हातून झालंय? पिशवी अडली की लगेच पोट उघडलं जातं, कारण अडल्यावर करायचं काय, ते शिकवलेलंच नसतं.

आधी सिझेरियन झालेल्या बाईबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तिथे मी स्वतः चुकले. प्रॅक्टिसच्या नवव्या वर्षी दोन सिझेरियन झालेल्या एका बाईत मी सवयीप्रमाणे मूत्राशय बोटाला गॉज गुंडाळून वर ढकललं. व्रणापाशी ते फाटलं. दोन थरांत शिवलं, चौदा दिवस कॅथेटर ठेवला, बाई बरी झाली. काय झालं ते मी तिला आणि तिच्या नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. पण त्यानंतर वर्षभर एकाही सिझेरियनवालीला खालून हात लावला नाही. मग कळलं की यावरचा रस्ता आपल्या मुंबईतच कुणीतरी दाखवून ठेवलाय. फिगो या जागतिक संघटनेचं अध्यक्षपद भूषवलेले डॉ. शिरीष शेठ यांनी दाखवलं होतं, की व्रण मधोमध असतो, पण ग्रीवेच्या बाजूला ब्रॉड लिगामेंट या रुंद पडद्याच्या थरांत एक मोकळी जागा बहुधा शिल्लक असते. तिथून शिरायचं, मधला व्रण नजरेसमोर ठेवून कात्रीने सोडवायचा, बोटाने ढकलायचं नाही. माझ्या एम.एस.च्या तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज पिशवी काढायला येणाऱ्या बायकांत सिझेरियन झालेल्या कितीतरी असतात, आणि रेसिडेंट ओपीडीच्या कागदावर लिहितो, "प्रीव्हियस सेक्शन, सबब ॲब्डॉमिनल", म्हणजे आधी सिझेरियन, म्हणून पोटावरून. इतकी वर्षं उपलब्ध असलेलं ज्ञान त्या 'सबब'मध्ये वाया जातं.

आपल्याकडच्या माणसांची आपण उपेक्षा करतो, त्याचं आणखी एक उदाहरण. ओडिशातल्या बरगढसारख्या गावात डॉ. पुरोहित यांनी राइट अँगल फोर्सेप्सने, म्हणजे काटकोनी चिमट्याने, ऊती पुढे ओढून, बायपोलर या विजेच्या चिमट्याने जाळून कापायची रीत बसवली. अरुंद जागेत क्लॅम्प शिरत नाही तिथे ती उपयोगी पडते. त्यावर ब्रिटिश नियतकालिकात लेखही आला. किती विभागांत ती कुणी करून पाहिली?

आता तुलनेबद्दल. हा मुद्दा माझ्या दृष्टीने शिकवण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

दरवर्षी रेसिडेंटची डिझर्टेशन, म्हणजे पदव्युत्तर प्रबंध, येतात : खालून विरुद्ध दुर्बिणीने, टाके विरुद्ध व्हेसल सीलर, म्हणजे रक्तवाहिनी तापवून बंद करणारं यंत्र. मी परीक्षक म्हणून बरेच वाचले. बहुतेकांत तीस बायका इकडे, तीस तिकडे. प्रोलॅप्स आणि जागेवरच्या पिशव्या एकाच टोपलीत. पिशवीचं वजन लिहिलेलं नाही. रक्तस्राव गॉजकडे बघून अंदाजाने. आणि निकालात सर्वात वर काय, तर मिनिटं. अमुक पद्धतीत बारा मिनिटं वाचली. पण वाचवली कुणी? वीस वर्षांचा हात असलेल्या सरांनी एका बाजूने आणि काल शिकलेल्या लेक्चररने दुसऱ्या बाजूने केलेल्या केसेसची ती बेरीज असेल, तर आपण तंत्र मोजतच नाही आहोत, माणसं मोजतोय. खालून सुरुवात करून मध्येच पोट उघडावं लागलं, त्या केसेस अनेकदा अभ्यासातून वगळलेल्या असतात. म्हणजे ज्यातून सर्वात जास्त शिकायचं, तेच बाहेर. पाठपुरावा टाके काढेपर्यंत. व्हॉल्ट खाली येतो तो पाच-दहा वर्षांनी. युटेरोसॅक्रल व्हॉल्टला बांधले की नाही, व्हॉल्टला आधार देणारा मॅककॉलचा टाका घातला की नाही, याचा हिशोब सातव्या दिवशी कसा लागेल?

मोठ्या अभ्यासांनाही ही तुलना जड गेली आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या ईव्हॅल्युएट चाचणीत १,३८० बायका होत्या, तरी खालची शस्त्रक्रिया विरुद्ध दुर्बीण या भागात ठाम निष्कर्ष काढण्याइतकी संख्या जमली नाही. मग आमच्या तीस-तीसची काय कथा? पण सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर चित्र पुरेसं स्पष्ट आहे. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ५,१०२ बायका होत्या. निष्कर्ष असा, की साध्या आजारांसाठी जिथे खालून शक्य आहे तिथे पोटावरून करण्याऐवजी खालून करावं, बाई लवकर कामाला लागते. २०२३ च्या सुधारित आढाव्यातही ते बदललं नाही. अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये शक्य तिथे खालच्या मार्गालाच पसंती दिली. आणि तरी आपण टेबल काढून घेतो.

दुर्बिणीला माझा विरोध नाही. एन्डोमेट्रिओसिसने घट्ट बसलेली पिशवी, अंडाशयाची संशयास्पद गाठ, पोटात सगळं चिकटलेलं, अशा वेळी मी बाईला दुर्बीण येणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवते आणि त्याचे आभार मानते. व्हेसल सीलर मीही वापरते. वेळ थोडा वाचतो, पहिल्या दिवसाचं दुखणं कमी होतं. "खालून नळ्या (बीजवाहिन्या) काढता येत नाहीत" असं म्हणतात, पण पुष्कळ जणींत त्या खालूनही निघतात. माझं म्हणणं तालुक्याचं आहे. तालुक्याला तुमचा रेसिडेंट परततो तेव्हा त्याच्याकडे लाखोंचा दुर्बिणीचा संच नसतो. खालून येत नसेल तर तो पोट उघडतो. महाविद्यालयात तुम्हाला व्हजायनलच्या जागी लॅप्रोस्कोपी आलेली दिसते. आमच्याकडे व्हजायनलच्या जागी चिरा आलाय. तो चिरा ज्या बाईच्या पोटावर आहे, तिला डोक्यावरून पाणी आणायचं असतं, चारा कापायचा असतो. जखम पिकली तर रोज ड्रेसिंगला यायला एसटीचं भाडंही जड जातं.

एक धोका मला दिसतो आणि तो मी लपवणार नाही. खालून काढणं सोपं म्हणून काढली, असं होता कामा नये. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आपल्या व्यवसायाला मान खाली घालायला लावणारा हा आकडा आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. म्हणून माझी मागणी जास्त पिशव्या काढायला शिकवा अशी नाही. आधी काढायची गरज आहे का ते शिकवा. गोव्याच्या शिरोड्याचे विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे पुरंदरे यांनी तरुण बायकांची घसरलेली पिशवी न काढता वर बांधायच्या शस्त्रक्रिया घडवल्या. त्याही शिकवा. काढायचीच असेल, तर सर्वात कमी इजा करणाऱ्या वाटेने काढायला शिकवा.

मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक विभागात आठवड्यातून एक टेबल फक्त खालच्या शस्त्रक्रियांसाठी राखून ठेवा, आणि केस कमी म्हणून ते काढून घेऊ नका. "सबब ॲब्डॉमिनल" लिहिलेल्या कागदांवर युनिटप्रमुखांनी स्वतः तपासून कारण लिहायचं ठरवलंत, तर केसेस आपोआप वाढतील. भुलीखाली ग्रीवा ओढून पाहिल्याशिवाय डिसेंट नाही असं लिहू नये.

रेसिडेंटच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगबुकात, "व्हजायनल हिस्टरेक्टॉमी" असा एकच रकाना नको. पाहिली, असिस्ट केली, तुकड्याने केली, पूर्ण केली, असे वेगळे रकाने हवेत. प्रोलॅप्स वेगळं, जागेवरची वेगळी, सिझेरियन झालेली वेगळी. अमेरिकेत प्रशिक्षण संपण्याआधी खालून किमान १५ करणं बंधनकारक आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत बायकांची कमतरता नाही. तुम्ही आकडा ठरवा, पण त्यातला निम्मा हिस्सा जागेवरच्या पिशव्यांचा असू द्या, आणि तो पूर्ण न होता परीक्षेला बसू देऊ नका.

ऑपरेशन करणाऱ्याच्या कपाळावरच्या दिव्यात किंवा टेबलाच्या वर एक कॅमेरा बसवा आणि पडदा असिस्टंटसमोर ठेवा. फार खर्चाचं नाही. रेकॉर्डिंग बाईच्या लेखी संमतीने, चेहरा आणि नाव न येता. रेसिडेंटच्या हातून, सरांच्या देखरेखीखाली काही भाग होणार आहे, हेही त्याच संमतीपत्रात मराठीत लिहा. मी गेली पंधरा वर्षं हे सांगतेय, आणि नाही म्हणणाऱ्या बायका मला फार थोड्या भेटल्या.

डिझर्टेशनचे तीस-तीसचे तुकडे एकत्र जोडा. सगळ्या महाविद्यालयांसाठी एकच छोटा फॉर्म पुरे : पिशवीचं वजन, डिसेंट किती, आधीची सिझेरियन, तंत्र कोणतं, ऑपरेशन करणाऱ्याची ही कितवी केस, आधीचं आणि दुसऱ्या दिवसाचं हिमोग्लोबिन, मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला इजा, पोट उघडावं लागलं का आणि का, पुन्हा भरती. मग एका वर्षाने आणि पाच वर्षांनी व्हॉल्ट कुठे आहे. पाच वर्षांत महाराष्ट्राकडे अशी माहिती असेल, की कुठली पद्धत कुणाच्या हातात आणि कुठल्या बाईत चांगली, हे दुसऱ्या देशाच्या आढाव्यांतून उचलावं लागणार नाही.

पोट उघडावं लागलं तर त्याला हार म्हणू नका. माझ्या वेळी त्या केसची युनिटच्या बैठकीत चेष्टा व्हायची. म्हणून लोक सोप्या केसच घ्यायला लागले, आणि पुढे तेवढ्याही घेईनासे झाले.

आणि ज्यांचा हात अजून चालतो अशा निवृत्त शिक्षकांना बोलवा. राज्यात असे बरेच जण आहेत. मानधन दिलं नाही तरी येतील.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. सेहेचाळीस वर्षांच्या त्या बाईची पिशवी आम्ही खालूनच काढली. तिने एक बाजूचा युटेरोसॅक्रल बांधला, बाकी मी केलं. पुढच्या दीड वर्षात तिने माझ्या शेजारी बसून एकतीस केल्या, त्यातल्या अकरा पूर्ण एकटीने, आणि दोन केसेस आधी सिझेरियन झालेल्यांच्या. एकीत पोट उघडावं लागलं, चिकटलेल्या मागच्या पाउचमुळे. तो निर्णय तिचा होता आणि बरोबर होता. आता तिने शेजारच्या तालुक्यात स्वतःचा दवाखाना काढलाय.

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे ऑपरेशनचे दिवस. टेबलाशेजारी दोन स्टुलं मांडलेली असतात आणि समोर पडदा आहे. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, जेवण घरचं. तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटना पंधरा दिवसांसाठी पाठवायचं असेल तर विभागाच्या लेटरहेडवर दोन ओळी पुरे. बुधवार परत सुरू होईपर्यंत ही सोय राहील.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक स्त्रीरोगतज्ज्ञ